कोब्याखालची पोकळी

अँटॉप हिलच्या परिसरातील वसाहतींत पावसाळा सरला की एकच दृश्य दिसते : अंगणातील कोबा खचलेला, जोत्यालगत भेग पडलेली आणि पाणी गटाराऐवजी भिंतीकडे वळलेले. मग सोसायटीची सभा भरते, वर्गणी ठरते. कंत्राटदार खचलेल्या जागी दोन इंच माल ओतून मोकळा होतो. पुढच्या पावसात तोही थर खचतो. याला दुरुस्ती म्हणणे ही निव्वळ आत्मवंचना आहे.

कोबा आपण होऊन खचत नाही. खचते ती त्याखालची जमीन. या भागाच्या पूर्वेला मिठागरे आणि खाडीची दलदल. अशा भूमीवर टाकलेला भराव नीट धुमसला नसेल, फुटक्या गटारातून माती वाहून जात असेल, वा शेजारी कोणी खोल खणले असेल, तर वरचा थर म्हणजे पोकळीवरचे झाकण. खरा उपाय कष्टाचा आहे. कोबा फोडावा, गळती बुजवावी, मुरूम थराथराने पाणी मारून धुमसावा, त्यावर सोलिंग करून भिंतीपासून दूर उतार देत नवा कोबा घालावा. याला पैसा लागतो. आणि तो कोणी द्यायचा, हाच खरा प्रश्न आहे.

२५ जून २०१८ रोजी पहाटे लॉईड्स इस्टेटची आवारभिंत आणि आतला रस्ता शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यात कोसळला. अनेक मोटारी गाडल्या गेल्या, रहिवाशांना घरे सोडावी लागली. अशा वेळी पावसाकडे बोट दाखवणे फार सोयीचे असते. पाऊस मुंबईला नवा आहे काय? अर्थशास्त्रज्ञ कॅप यांनी १९५० साली खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चाचा जो सिद्धान्त मांडला, त्याचे याहून उघडे उदाहरण शोधावे लागणार नाही : नफा खणणाऱ्याचा, भेग राहणाऱ्याची.

जुन्या चाळींच्या दुरुस्तीची जबाबदारी शासनाने १९६९ च्या कायद्याने निदान तत्त्वतः पत्करली. जमिनीबाबत मात्र हात झटकले जातात. सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या सिमेंटीकरणाचे भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये थाटात झाले. फाटकाच्या आतला खड्डा मात्र ‘खाजगी’ ठरतो, मग तो फाटकाबाहेरच्या खोदकामाने का पडलेला असेना!

वडाळा-अँटॉप हिलच्या कार्यकर्त्यांनी आता वर्गणीच्या सभांतूनच हा प्रश्न उचलावा. एफ-उत्तर विभाग कार्यालयाकडे मागणी एकच हवी : खोदकामाच्या परवान्यापूर्वी शेजारच्या इमारतींच्या पातळ्या मोजून जाहीर कराव्यात, बिल्डरकडून अनामत घ्यावी, आणि काम संपल्यावर दोन पावसाळे उलटेपर्यंत तिचा एक पैसाही परत करू नये.