कार्बनची सायकल घरी जोडताना
नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका ओलांडणारी सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. शेजारच्या रायपुरातील शर्यतवेड्या मुलांनाही कार्बनची सायकल हवी असते. तयार परवडत नाही, म्हणून सुटे भाग थेट मागवून घरीच जोडायची. हरकत नाही! पैसे वाचतात, हातही तयार होतो. पण पोलाद आधी वाकते. कार्बन फारशी सूचना न देता मोडतो. हँडलचे बोल्ट मनगटाच्या अंदाजाने आवळू नयेत. बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपासचा आकडा भागावरच छापलेला असतो. त्यासाठी टॉर्क पाना घ्यावा. काटकसर गिअरमध्ये करावी, पुढच्या चिमट्यात नव्हे. केशकाल घाटाच्या उतारावर तो मोडला, तर सावरायला वेळ मिळत नाही. एकदा आपटलेला चिमटा तडा दिसो न दिसो, शर्यतीत नेऊच नये.