रिकाम्या खाटेचे अर्थशास्त्र

9 जानेवारी 2021 च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागली. कक्षात 17 बालके होती. 7 वाचली, 10 गेली. 21 एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा तुटला आणि किमान 22 रुग्ण प्राणास मुकले. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला. 11 जण दगावले. संकटात माणसाने ज्या वास्तूकडे धाव घ्यावी, तीच वास्तू संकटाचे स्थान ठरली. प्रत्येक वेळी शोक व्यक्त झाला, मदत जाहीर झाली, चौकशी नेमली गेली. या तिन्ही संस्था सार्वजनिक होत्या आणि तेथे जाणारा माणूस बहुतांशी असा होता की, ज्याला दुसरीकडे जाण्याची ऐपत नाही.

आपत्तीसाठी रुग्णालये सज्ज आहेत काय, असे विचारले की शासन आराखडा पुढे करते. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर जिल्ह्याजिल्ह्याचे आराखडे तयार झाले आहेत. परंतु आराखडा जखमी माणसाला उचलून शस्त्रक्रियागृहात नेत नाही. एका तासात पन्नास जखमी दाराशी आले, तर कोणाला आधी हात लावावयाचा, याची वर्गवारी करणारा अनुभवी डॉक्टर तेथे हवा. रक्तपेढीत साठा हवा, जनित्रात डिझेल हवे, प्राणवायूची दुसरी सोय हवी आणि ती मध्यरात्री सुरू करू जाणणारा कामगार हवा. ज्या कक्षात एरवीच एका खाटेवर दोन रुग्ण असतात, तेथे एकावन्नाव्याला जागा कोठून येणार? सज्जतेचा खरा अर्थ राखीव शक्ती हा आहे आणि राखीव शक्ती ही आपत्तीच्या दिवशी उभी करता येत नाही.

येथेच अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. हिशेबनिसाच्या नजरेला रिकामी खाट हा तोटा दिसतो. खाजगी रुग्णालयाने तसे मानले तर नवल नाही. नफ्याचा तो नियमच आहे. दुःख याचे की, शासनानेही तोच मापदंड स्वीकारला. रिक्त पदे भरावयाची नाहीत, परिचारिका कंत्राटावर नेमावयाच्या, देखभाल निविदेने दुसऱ्यावर सोपवावयाची आणि याला काटकसर म्हणावयाचे! आज गावात कोठे आग लागली नाही म्हणून अग्निशामक बंब वाया गेला, असे कोणी म्हणत नाही. मग आज अपघात झाला नाही म्हणून चार खाटा वाया गेल्या, असे का म्हणावे? राखीव शक्तीचा लाभ सर्वांना मिळतो, पण तिची किंमत मोजणारे गिऱ्हाईक बाजारात सापडत नाही. म्हणून ती समाजानेच, आपल्या करांतून, उभी केली पाहिजे.

गरीब देशाला हे परवडेल काय, हा आक्षेप गंभीर आहे. प्रत्येक तालुक्यात शंभर खाटा मोकळ्या ठेवा, असे कोणी म्हणत नाही. परंतु 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत सार्वजनिक आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या 2.5 टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते; 2021-22 मध्ये तो दोन टक्क्यांच्याही आत होता. शिवाय न केलेला खर्च टळत नाही, तो पुढे व्याजासह करावा लागतो. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात भुजचे जिल्हा रुग्णालय कोसळले, ते नेमके ज्या दिवशी हजारो जखमींना त्याची गरज होती त्या दिवशी. त्यानंतर भूकंपाचे हादरे सोसणाऱ्या आधारांवर नवे रुग्णालय बांधले गेले. ते शहाणपण किती महागात पडले!

केवळ पैशानेही भागत नाही. 3 डिसेंबर 1984 च्या पहाटे भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात गुदमरलेल्या माणसांचे लोंढे आले. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट निसटला होता. पण तो वायू शरीरात काय करतो, त्यावर उतारा कोणता, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक नव्हते. कारखान्याच्या भिंतीआड काय साठविले आहे, याचे ज्ञान ही मालकाची खाजगी मालमत्ता मानली गेली आणि तिची किंमत वस्तीतल्या कष्टकऱ्यांनी फुप्फुसांनी चुकविली. आज आपल्या औद्योगिक वसाहतींजवळच्या किती रुग्णालयांना शेजारच्या रसायनांची यादी दिलेली आहे?

संकटसमयी परिचारिका, वॉर्डबॉय जिवावर उदार होतात, हे 2008 च्या नोव्हेंबरात मुंबईच्या कामा रुग्णालयाने दाखविले. गोळीबार चालू असताना तेथील परिचारिकांनी गरोदर स्त्रियांना सुरक्षित ठेवले. त्यांचा गौरव व्हावयासच हवा. परंतु कर्मचाऱ्यांच्या शौर्यावर विसंबून राहणे याला धोरण म्हणत नाहीत.

पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढील काम साधे आणि चिकाटीचे आहे. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात जा. अग्निसुरक्षेची तपासणी शेवटची केव्हा झाली, जनित्र किती तास चालते, किती पदे रिक्त आहेत, सराव कधी झाला, हे लेखी विचारा. माहितीचा अधिकार 2005 पासून आपल्या हाती आहे. मिळालेली उत्तरे ग्रामसभेत वाचून दाखवा. चौकशी मृत्यूनंतरच झाली पाहिजे, असा काही नियम नाही.