विमान उतरलं, पुढे काय?

पुण्याच्या विमानतळाचा विषय निघाला की लोक दोनच गोष्टी बोलतात. एक, नवं टर्मिनल कसलं भारी झालंय. दोन, पुरंदरचा विमानतळ होणार तरी कधी (हा प्रश्न आपल्या आधीच्या कितीतरी बॅचेसनी विचारून झालाय). मला या दोन्हींवर फारसं बोलायचं नाही. माझा प्रश्न साधा आहे आणि तो होस्टेलवाल्यालाच पडू शकतो. विमान उतरल्यावर माणसाने पुढे जायचं कसं?

"विमानाने फिरणारी पोरं होस्टेलवर आहेतच किती?" असं कुणीतरी म्हणणार. मंडळी, एकदा मोजून बघा. आमच्या विंगमध्ये एक गुवाहाटीचा आहे, एक श्रीनगरचा. गुवाहाटीवाल्याने रेल्वे धरली तर दोन दिवस डब्यातच जातात, आणि दिवाळीची सुट्टी असते केवढी? तो विमानाने जातो ते चैन म्हणून नाही. कॅप राउंडचा निकाल लागला की दोन-तीन दिवसांत कॉलेजला हजर व्हायचं असतं आणि तेव्हा रेल्वेचं वेटिंग शंभराच्या पुढे गेलेलं असतं. मग नागपूरकडचे आईबाप आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतात. २०१७ मध्ये शिमला-दिल्ली मार्गावर 'उडान' योजनेचं पहिलं विमान उडालं, तासाभराच्या प्रवासाला काही जागा २५०० रुपयांत. हवाई चप्पलवाला माणूस हवाई जहाजात बसेल, असं तेव्हा सांगितलं गेलं. बसला की! पण चप्पल घालून तो बाहेर येतो तेव्हा समोर काय असतं?

आधी चांगलं ते सांगतो. १० मार्च २०२४ ला उद्घाटन झालेलं नवं टर्मिनल त्याच वर्षी १४ जुलैपासून वापरात आलं. जुन्यात बसायला जागा नव्हती, लोक जमिनीवर पेपर अंथरून बसायचे. ती दैना संपली. डिजियात्रेमुळे चेहरा दाखवून आत जाता येतं. पिण्याचं पाणी फुकट मिळतं (बाटली रिकामी न्या आणि आत भरा, कॅन्टीनवाल्यापेक्षा स्वस्त पडतं!). चहाच्या दराबद्दल मात्र न बोललेलं बरं. कोलकात्याच्या विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने दहा रुपयांत चहा आणि वीस रुपयांत समोसा देणारं उपाहारगृह सुरू केलं, म्हणजे मनात आणलं तर जमतं.

खरी गंमत दाराबाहेर आहे. वनाझहून येणारी मेट्रो ६ मार्च २०२४ पासून रामवाडीपर्यंत धावते. रामवाडी ते विमानतळ अंतर साधारण चार किलोमीटर. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर नव्वद टक्के सर्किट जोडलंय आणि शेवटची वायर लोंबकळतेय. दिवा कसा लागणार? पीएमपीच्या बस आहेत, नाही असं नाही. पण पहिल्यांदा येणाऱ्याला थांबा दिसला पाहिजे, कुठली बस कुठे जाते ते कळलं पाहिजे आणि दोन बॅगा घेऊन आत चढता आलं पाहिजे. नाहीतर आहेच रिक्षा. मीटर हा तिथे फक्त शोभेचा भाग!

आणि एका गोष्टीकडे कुणाचंच लक्ष जात नाही. तिकीट स्वस्त असतं ते अडनिड्या वेळेचं. रात्री एकला उतरणारं किंवा पहाटे पाचला सुटणारं. म्हणजे ज्याच्या खिशात पैसे कमी, तोच नेमका मेट्रो आणि बस झोपलेल्या असताना येतो. ज्याला टॅक्सी सहज परवडते तो दुपारचं विमान घेतो. तिकिटात वाचवलेले पैसे लोहगाव ते होस्टेल या प्रवासात जातात, आणि ॲपवरची टॅक्सी दोनदा रद्द झाली की डोकंही जातं. एकट्या मुलीने रात्री दीडला काय करायचं, याचं उत्तर तर त्या चकचकीत काचांमध्ये कुठेच लिहिलेलं नाही.

लोहगाव हवाई दलाचं आहे, त्यामुळे काही हलवता येत नाही, असं यावर सांगतात. अर्धं खरं आहे. धावपट्टी त्यांची, तिच्या कामासाठी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस सगळी उड्डाणं बंद होती, आणि ते सोसावंच लागलं. पण बसथांब्याला धावपट्टी लागत नाही! बंगळूरचा विमानतळ २४ मे २००८ ला सुरू झाला, शहरापासून तीसेक किलोमीटर लांब. तिथे मेट्रोची वाट बघत बसले नाहीत. बीएमटीसीने 'वायुवज्र' नावाच्या वातानुकूलित बस काढल्या. शहराच्या वेगवेगळ्या भागांत जाणाऱ्या, बॅगा ठेवायला जागा असलेल्या, रात्रीही धावणाऱ्या. आयटीवाले आणि विद्यार्थी एकाच बसमध्ये. आपल्याकडे रामवाडीहून दर वीस मिनिटांनी छोटी बस आणि रात्री स्टेशन व स्वारगेटकडे दोन-चार फेऱ्या, एवढं जरी नेमाने झालं तरी पुष्कळ आहे.

जाता जाता, लोहगाव हे तुकोबांचं आजोळ. विमानतळाला त्यांचं नाव देण्याचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला. तुकोबा आजोळी पायीच जात असणार. आपणही चालतो हो, पण वीस किलोची बॅग घेऊन नाही.

महापालिका आपलं ऐकेल तेव्हा ऐकेल. कॉलेजला मात्र उद्यापासून काही करता येईल. ॲडमिशनच्या कागदांसोबत विमानतळ आणि स्टेशनवरून कॉलेजला कसं यायचं, याचं अर्धं पान जोडावं, मराठीत आणि हिंदीतही. ॲडमिशनच्या दोन दिवसांत कॉलेजची बस रामवाडीला उभी करावी, एरवी ती रविवारी वर्कशॉपमागे धूळ खातच असते. सेमिस्टर सुरू होण्याआधी मेसच्या बोर्डावर एक कागद लावा, कोण कुठल्या रात्री किती वाजता उतरतंय ते लिहायला. चौघं मिळाले तर टॅक्सी एका थाळीच्या भावात पडते. आणि रेक्टर सरांना विनंती, बोर्डिंग पास दाखवणाऱ्याची लेट एन्ट्री लावू नका. विमान सुटायची वेळ त्यावर छापलेली असते, पुढचा हिशोब सरांना सहज जमेल.