ठसा कोणाचा?

बेंगळुरूच्या कुमारकृपा मार्गावर दरवर्षी जानेवारीच्या सुमारास कर्नाटक चित्रकला परिषदेच्या वतीने ‘चित्रसंते’ भरते. ‘संते’ हा कन्नड शब्द. त्याचा अर्थ बाजार. त्या दिवशी चित्रकार रस्त्याच्या कडेलाच आपली चित्रे मांडून बसतात. अशाच एका संतेत हाताने कोरलेले रबरी ठसे विकणाऱ्या एका बाईंपाशी मी थांबलो होतो. मोर, जास्वंद, बैलगाडी, तुळशीवृंदावन असे नाना प्रकारचे ठसे त्यांच्यापुढे होते. शेजारच्या एका गृहस्थांनी विचारले, “ही चित्रे तुम्हीच काढलीत का?” बाईंनी सरळ सांगितले, “नाही. छापील चित्र रबरावर उतरवून घेते आणि मग कोरते.” “म्हणजे नक्कलच की!” असे म्हणून ते गृहस्थ पुढे निघून गेले.

त्यांचा तो शेरा मला पटला नाही. तो केवळ एका बाईंवर अन्याय करणारा होता म्हणून नव्हे. “मला चित्र काढता येत नाही” असे म्हणून हातकामापासून दूर राहणारी असंख्य प्रौढ माणसे मी पाहिली आहेत. शाळा लवकर सुटली, चित्रकलेचा तास कधी मिळालाच नाही, आणि आता हात वळत नाही, अशी त्यांची समजूत असते. छापील चित्र ठोकळ्यावर उतरवण्याची युक्ती त्यांच्यासाठी एक दार उघडते. ‘नक्कल’ या एका शब्दाने ते पुन्हा बंद होते.

ही युक्ती आहे तरी काय? झेरॉक्स यंत्राची किंवा लेझर छपाईची शाई म्हणजे वस्तुतः प्लॅस्टिकयुक्त बारीक भुकटी असते; उष्णतेने ती कागदावर चिकटवलेली असते. असा छापील कागद ठोकळ्यावर पालथा ठेवून त्याच्या पाठीवरून थिनर लावलेला बोळा दाबला, की ती भुकटी मऊ होऊन ठोकळ्याला चिकटते. (थिनर पटकन पेट घेतो आणि त्याचा वास डोक्यात जातो, म्हणून हे काम उघड्या हवेत, विस्तवापासून दूर करावे. काही रबर त्याने विरघळतातही. आधी एका तुकड्यावर पाहावे.) पातळ शाईच्या छपाईयंत्रावर काढलेले चित्र मात्र असे उतरत नाही, कारण ती शाई कागदात मुरलेली असते. तेथे जुना उपाय बरा: पारदर्शक कागदावर मऊ पेन्सिलीने चित्र गिरवावे, कागद पालथा घालावा आणि चमच्याच्या पाठीने घासावे.

कागद पालथा घालण्यात खरी मेख आहे. ठोकळ्यावर चित्र उलटे उतरते, म्हणूनच ठसा मारल्यावर ते सुलटे उमटते. हे मी चुकूनच शिकलो. कार्बन कागद ठेवून मी ‘कमल’ हे नाव ठोकळ्यावर सुलटे गिरवले, दोन संध्याकाळी खपून कोरले आणि मोठ्या उत्साहाने छाप मारली. शिरोरेघ जागच्या जागी होती. पण ‘म’चा उजवीकडचा दंड डावीकडे जाऊन बसला होता!

उलट्या अक्षरांची ही कसरत मराठी कारागिराला नवी नाही. नाना फडणवीसांच्या मनात भगवद्गीता छापून घ्यावी असे आले, तेव्हा पुण्यातील एका तांबटाने तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरण्याची विद्या शिकून घेतली होती. 1800 मध्ये नाना वारले. पुढे तो कारागीर मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि 1805 मध्ये तेथे गीता छापली गेली. पत्र्यावर कोरलेले सुलटे उमटायचे, तर ते उलटेच कोरावे लागते. मजकूर जुना, सर्वांच्या परिचयाचा. त्यातले एक अक्षरही त्या तांबटाने रचलेले नव्हते. म्हणून त्याला कोणी नक्कल करणारा म्हणेल काय?

जपानमधील लाकडी ठशांच्या जगप्रसिद्ध चित्रांची हकीकत तर याहून बोलकी आहे. होकुसाईसारखा चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. कोरणारा तो कागद लाकडी फळीवर पालथा चिकटवी आणि कागदासकट लाकूड कोरत जाई. ठसा तयार होईपर्यंत मूळ रेखाटन नाहीसे झालेले असे. आपल्याकडे गुजरातमधील पेथापूरचे कारागीरही नक्षी आधी कागदावर आखतात, ती लाकडावर उतरवून घेतात आणि मगच पटाशीला हात घालतात. बेंगळुरूत 1977 पासून ‘तरंगिणी’ या कार्यशाळेत कोरीव लाकडी ठशांनी कापड छापले जात आले आहे. तेथील कापड हाती घेताना ठशावरची नक्षी मुक्तहस्ते काढली होती की उतरवली होती, असा प्रश्न आपल्याला पडत नाही.

चित्र उतरले म्हणजे काम झाले, ही समजूतच मुळात चुकीची आहे. छायाचित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कितीतरी छटा असतात. ठशाला मात्र दोनच गोष्टी कळतात, शाई आहे किंवा नाही. गालावरची सावली ठेवायची की सोडून द्यायची? मोराच्या पिसाऱ्यातील शंभर रेघांपैकी कोणत्या बारा ठेवायच्या? हे यंत्र सांगत नाही, कोरणाऱ्यालाच ठरवावे लागते. रेघ फार बारीक ठेवली तर ती दाबाखाली लवते. तिच्या कडा पायथ्याकडे रुंदावत गेल्या पाहिजेत; खालून पोखरली गेली तर पाचपन्नास छापांतच ती तुटून येते. देवनागरी अक्षरे कोरताना तर फारच जपावे लागते. ‘व’ किंवा ‘प’ लहान असला तर त्याच्या पोटात शाई साचते. अनुस्वाराचा टिंब एकटा उभा असतो; पाते जरासे घसरले की तो गेला, आणि ‘वंदन’चे ‘वदन’ झाले. अशी पत्रिका घरोघर गेली तर नमस्काराऐवजी नुसते तोंडच पोहोचायचे!

या मताविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. नेहमी दुसऱ्याचेच चित्र उतरवणाऱ्याचा स्वतःचा हात कधी घडणार? सदैव टेकू घेणारा टेकूवाचून उभा राहू शकत नाही, हे खरेच आहे. परंतु कोणती रेघ टाकायची याचा निर्णय शंभर वेळा घेतलेल्या माणसाची नजर तयार होते, असा माझा अनुभव आहे. रेखाटनात अर्धे काम नजरेचेच असते. पहिले दहा ठसे उतरवून कोरावेत. अकराव्यासाठी स्वतःच्या अंगणातले जास्वंदीचे फूल समोर ठेवून पाहावे. जमले नाही तर पुन्हा उतरवावे. त्यात लाज कसली?

लाज बाळगायची ती वेगळ्याच ठिकाणी. हयात चित्रकाराचे चित्र त्याला न विचारता उतरवायचे, त्याचे ठसे करून विकायचे आणि त्याचे नावही घ्यायचे नाही, ही नक्कल नव्हे, चोरी होय. 1957 च्या कायद्यानुसार चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे राहतो. राजा रविवर्मा 1906 मध्ये वारले. त्यांच्या चित्रांवरून ठसा कोरायला आज कोणाची परवानगी लागत नाही. कचेऱ्यांच्या शिक्क्यांची गोष्ट निराळी. ते कोणी गंमत म्हणूनही कोरून देऊ नयेत.

त्या दिवशी मी बैलगाडीचा ठसा विकत घेतला. घरी येऊन तो उलटून पाहिला, तर मुठीच्या लाकडावर बारीक अक्षरांत दोन नावे लिहिलेली होती. वर मूळ चित्र काढणाऱ्याचे आणि त्याखाली कोरणाऱ्या बाईंचे.