कोठडीतल्या माराला नाव विचारू नका



आज जरा स्वयंपाकघराबाहेरचं लिहिते आहे. पण विषय शेवटी आपल्या दारापर्यंत येतोच.

जुलै २०२५ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल लागले. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. कबुलीजबाब छळ करून घेतले, असं न्यायालयाने म्हटलं. ३१ जुलैला विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या सातही आरोपींना सोडलं. त्यांतल्या प्रज्ञासिंह ठाकूर यांचीही कोठडीत छळ झाल्याची तक्रार होती.

पहिला निकाल मुख्यमंत्र्यांना धक्कादायक वाटला, सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं. दुसऱ्याचं त्यांनी स्वागत केलं. काही विरोधकांचा सूर उलटा. अपील करायला माझी ना नाही. पण छळाच्या तक्रारीचं वजन आरोपीचं नाव बघून ठरवायचं का?

मी बी.कॉम. झालेली. जुन्या वह्या उघडून पाहायची खोड जात नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात इंग्रजांनीसुद्धा लिहून ठेवलं होतं, की पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालणार नाही. १९८७ मध्ये काँग्रेस सरकारच्या टाडाने ती चालवून घेतली. २००२ मध्ये भाजपच्या सरकारने पोटात तेच केलं, तेव्हा काँग्रेसने विरोध केला आणि २००४ मध्ये सत्तेवर आल्यावर पोटा रद्द झाला. छान. पण महाराष्ट्रात १९९९ साली युती सरकारने आणलेल्या मोक्कात तीच तरतूद होती, आणि तो कायदा काँग्रेस-राष्ट्रवादीने पंधरा वर्षं बिनदिक्कत वापरला. वरच्या दोन्ही खटल्यांतल्या आरोपींना मोक्का त्यांच्याच राज्यात लागला. आणि गृहमंत्री असताना पोटा आणणारे अडवाणी २००८ मध्ये साध्वींच्या छळाच्या तक्रारीवर जाहीरपणे संतापले. संताप योग्यच होता, फक्त माणूस आपला निघाल्यावर आला.

छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. त्यासाठीचं विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि २०१४ मध्ये बुडालं. दोन्ही बाजूंची सरकारं येऊन गेली, कराराला अंतिम मान्यता आजपर्यंत नाही. हुंडीवर सही केली, ती वटवायला मात्र कुणी तयार नाही.

तुम्ही म्हणाल, मारल्याशिवाय अतिरेकी बोलणार कसे? अगं, मार खाणारा माणूस मारणाऱ्याला हवं तेच बोलतो. मग कबुली कोर्टात टिकत नाही आणि खरा गुन्हेगार मोकळा राहतो. लोकलमध्ये एकशे ऐंशीहून जास्त माणसं गेली, मालेगावात सहा. त्यांच्या घरच्यांच्या हातात आज काय आहे?

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत दागिन्यांची चोरी झाली. पोलीस वॉचमनला घेऊन गेले. तेव्हा जिन्यात उभी राहून मीच म्हणाले होते, "दोन ठेवून दिल्या की पोपटासारखा बोलेल." तिसऱ्या दिवशी तो लंगडत आला, सामान उचललं आणि गेला. चोर कोण, ते आजही कळलेलं नाही. त्या संध्याकाळी मी चौविहार पाळला होता. पाण्यातल्या जिवाची काळजी मला होती, त्या माणसाची नव्हती.

हिंसा स्वतः केली, दुसऱ्याकडून करवली किंवा केलेल्याला बरं म्हटलं, तिन्हींचा दोष लागतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. नेते करवतात, आपण अनुमोदना देतो. आपल्या अनुमोदनेवरच त्यांच्या कोलांट्या चालतात.

म्हणून पुढच्या वेळी कुणीही मत मागायला दारात आलं, तर विचारा: छळाविरुद्धचा कायदा आणणार का? आणि तो आपल्या आणि परक्या, दोघांनाही लागू राहील का?

यंदा मिच्छामि दुक्कडं म्हणताना माझ्या मनात तो वॉचमन असेल. त्याचं नावसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं.