रुग्णाचे म्हणणे मोजणारा संशोधक

वैद्यकीय महाविद्यालयात बढतीची वेळ आली की शोधनिबंध मोजले जातात. किती छापले, कोणत्या नियतकालिकात, नाव पहिले की चौथे, एवढे पाहिले की फाइल पुढे सरकते. त्या निबंधांतून नेमका कोणता प्रश्न सोडवायचा होता, हे क्वचितच कुणी विचारते. त्यामुळे अनेकांच्या यादीत दहा निबंध आणि दहा विषय असतात. एकाला दुसऱ्याची ओळखही नसते. अशा वेळी इथन बाश या अमेरिकी कर्करोगतज्ज्ञाच्या निबंधांची यादी वाचण्यासारखी आहे. यादी लांब आहेच, पण ती वाचावी त्यातल्या एका धाग्यासाठी.

प्रश्न साधा होता. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाला काय त्रास होतो, याची नोंद डॉक्टर करतात. ती कितपत बरोबर असते?

‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’मध्ये २००६ साली बाश आणि सहकाऱ्यांनी ४०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच भेटीत, त्याच लक्षणांविषयी, रुग्णाने आणि त्याला तपासणाऱ्याने वेगवेगळी नोंद केली. उलट्या, जुलाब यांबाबत दोघांचे बरेचसे जुळले. थकवा आणि धाप यांबाबत फरक पडला, आणि रुग्णाने सांगितलेला त्रास सहसा जास्त होता. इथे ‘डॉक्टरांचे चुकते, रुग्णाचेच खरे’ असे म्हणून थांबता आले असते. पण २००९ च्या निबंधात उत्तर तेवढे सोपे निघाले नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांत, मृत्यू किंवा इमर्जन्सी विभागात जावे लागण्याचा धोका डॉक्टरांच्या नोंदींतून अधिक चांगला कळला. रोजचे जगणे कसे चालले आहे, ते मात्र रुग्णाच्या नोंदींतून. म्हणजे दोन्ही नोंदी हव्यात.

मग पुढची पायरी. नोंद झाली, पण तिचा उपयोग काय? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात कर्करोग शरीरात पसरलेल्या ७६६ रुग्णांवर चाचणी झाली. एका गटाने १२ लक्षणांची माहिती संगणकावर भरायची. त्रास वाढला की परिचारिकेला ईमेल जायचा. दुसऱ्या गटाची देखभाल नेहमीसारखी. २०१६ साली आलेल्या निकालात पहिल्या गटातील ३४ टक्के रुग्णांचे जीवनमान सुधारलेले दिसले, दुसऱ्यात १८ टक्के. वर्षभरात इमर्जन्सी विभागात जावे लागलेले अनुक्रमे ३४ आणि ४१ टक्के. २०१७ साली आयुर्मानाचे आकडे आले: मध्यक ३१.२ महिने, विरुद्ध २६. पाच महिन्यांचा फरक! अशा फरकासाठी नव्या औषधाची किंमत लाखांत मोजावी लागते.

इथे अनेक संशोधक थांबले असते. बाश यांनी हाच प्रयोग अमेरिकेतील ५२ साध्या, स्थानिक कर्करोग केंद्रांत नेला, रुग्ण ११९१. लक्षणे आटोक्यात राहिली, शारीरिक क्षमता व जीवनमान सुधारले, पहिल्यांदा इमर्जन्सीत जाण्याची वेळही लांबली. आयुर्मानात मात्र फरक दिसला नाही. आपल्याच सर्वांत गाजलेल्या निष्कर्षाला मुरड घालणारा हा निकालही त्यांनी छापला. पाच महिन्यांचा आकडा सांगणाऱ्यांनी हा निकालही त्याच दमात सांगायला हवा. आणि आयुष्य वाढले नाही म्हणून कमी झालेली मळमळ, सुसह्य झालेली वेदना वाया गेली असेही नाही.

आता आपल्या सरकारी रुग्णालयाची ओपीडी पाहा. बाहेर रांग, आत एक डॉक्टर. ‘कसं आहे आजी?’ ‘बराय.’ संपले. त्रास सांगितला तर पुढचा डोस थांबेल ही भीती असते, डॉक्टरांचा वेळ खाल्ल्याचा संकोच असतो. पुष्कळदा आजींच्या वतीने मुलगाच बोलतो. मग तीन आठवडे गावाकडे. मध्ये ताप आला, तोंड आले, जेवण तुटले, तरी ‘पुढच्या तारखेला सांगू’.

यावर कुणीतरी ॲप सुचवणार, हे ठरलेले. पण त्या चाचणीत उपाय संगणकाने केला नव्हता. सूचना मिळाल्यावर परिचारिका बहुतेक वेळा फोन करून सल्ला देत, कधी औषध बदलले जाई, गरज पडल्यास इमर्जन्सीत पाठवले जाई. म्हणजे फोन करायला वेळ असलेली, आणि तिचे म्हणणे डॉक्टर ऐकतात अशी सिस्टर हवी. फोन आज बहुतेक घरांत आहे. नसते ती ही नेमणूक. ‘आपले रुग्ण अशिक्षित, त्यांना जमणार नाही’ ही सबबही टिकत नाही, कारण २०१६ च्या निकालात संगणकाची सवय नसलेल्यांनाच जास्त फायदा झाला होता. लिहिता येत नसेल तर सिस्टरने विचारावे, आणि रुग्णाच्या शब्दांत विचारावे: ‘गळून गेल्यासारखं होतं का? हातापायाला मुंग्या येतात का?’

एमडीच्या प्रबंधांसाठी दरवर्षी विषय शोधले जातात. त्यांपैकी एक असा असू शकतो: एकाच दिवशी, एकाच रुग्णाची दोन पत्रके. एक रुग्णाने सांगितलेले, एक निवासी डॉक्टरने भरलेले. खर्च झेरॉक्सचा. एथिक्स कमिटीची परवानगी लागेल, रुग्णाची संमती लागेल, आणि दोन पत्रके जुळली नाहीत तरी निकाल छापायची विभागप्रमुखांची तयारी लागेल.