डॅम्परच्या आधी कोन-सेट बघा!

मंडळी, बरेच दिवस इकडे फिरकलो नव्हतो. आज डोकं तापलंय म्हणून लिहितोय.

पुतण्याने जुनी आरसी ३९० घेतलीय. अमडापूर-खामगाव हा त्याचा रोजचा रस्ता. परवा येऊन म्हणतो, "काका, शंभरच्या पुढं हँडल थरथरते. स्टिअरिंग डॅम्पर टाकतो. सगळे तेच म्हणून राहिले."

हे 'सगळे' कोण, त्यांना एकदा भेटायचंय मला!

डॅम्पर म्हणजे काय, तर तेल भरलेली नळी. हँडल सावकाश वळवलं तर तेल बारीक छिद्रातून निवांत सरकतं, झटका बसला की अडतं. झालं. तो थरथर दाबतो, थरथरीचं कारण काढत नाही. ताप आला म्हणून नुसती गोळी खाण्यातला प्रकार.

लगेच कुणीतरी म्हणेल, होंडाने २००४ च्या सीबीआर १००० आरआरला कंपनीतूनच दिला होता की! दिला होता, पण तो इलेक्ट्रॉनिक. कमी वेगाला मऊ, जास्त वेगाला कडक. आणि गाडी ९९८ सीसीची, जोर लावला की पुढचं चाक हलकं होणारी. आमची ३७३ सीसीची. स्वस्तातला डॅम्पर कडक करून ठेवला, तर बाजारातल्या गर्दीत तोल सांभाळायला हँडल जे बारीक बारीक हलवावं लागतं, तेच जड होतं. शिवाय जास्त वेगात अख्खी गाडी डुलते तो प्रकार वेगळा. कडक डॅम्परने तो उलट वाढू शकतो.

मग आम्ही अंगणातच गाडीचं पुढचं चाक उचललं. फोर्क खालून धरून मागे-पुढे हलवले तर 'टक्' आवाज! हँडल हळू फिरवलं तर मधोमध खाचेत अडकल्यासारखं. कोन-सेट पार गेलेला. हवाही कमी. पोरगा डॅम्पर लावून तसाच पळवत राहिला असता आणि दुखणं आत वाढत गेलं असतं. नुसत्या विचारानेच अंगावर काटा येतो.

ट्रॅकवर जाणाऱ्याने जरूर घ्यावा. पण आपल्याच मॉडेलचा ब्रॅकेट असलेला, कडकपणा कमी-जास्त करता येणारा, उघडून दुरुस्त होणारा. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळतं का, टाकीला लागत नाही ना, ते बघावं. सुरुवात सगळ्यात मऊ सेटिंगवर. पण आपल्याकडे ट्रॅक कुठाय? चेन्नई, कोइम्बतूर, नाहीतर नोएडा गाठा. जिल्ह्यातून समृद्धी गेलाय खरा, पण त्यावर दुचाकीला बंदी. मग दीडशेचा वेग दाखवायचा कुणाला, समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरला?

असो. कोन-सेट बदलला, हवा भरली, थरथर गेली. पोरगा मात्र अजून रुसलाय. सोनेरी नळी फोटोत छान दिसली असती म्हणे :-)

दिसली असती. पण बाबा, फोटोत तू पण दिसायला हवास ना?